मशीन येईल हो, पण ते चालवणार कोण? : नॅनो लॅब आणि अनुदानाबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात विद्यापीठांमधल्या नॅनोटेक्नॉलॉजीच्या (मिलिमीटरच्या दहालाखाव्या भागाच्या मापात काम करणाऱ्या तंत्राच्या) लॅबवर दोन पानं लिहिली होती, त्यावर खूप पत्रं आणि मेल आले. सगळ्यांना उत्तरं देणं या जागेत शक्य नाही, म्हणून त्यातले सहा प्रश्न घेतलेत. नावं मुद्दाम गाळलीत, कारण बऱ्याच जणांनी आपल्याच संस्थेबद्दल मोकळेपणानं लिहिलंय आणि त्याचा त्रास त्यांना व्हायला नको.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी कोकणातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आमचे संस्थाध्यक्ष नॅनो सेंटरसाठी तिसऱ्या मजल्यावरचा तीन हजार चौरस फुटांचा हॉल द्यायला तयार आहेत. आम्हाला क्लास 100 ची क्लीनरूम करायची आहे. खर्च किती येईल आणि अनुदान कुठून मिळेल?

सर, अध्यक्ष स्वतःहून जागा देतायत ही फार मोठी गोष्ट आहे, लोक दहा-दहा वर्षं एका खोलीसाठी भांडतात. पण तुम्ही खर्च विचारलात तो उभारणीचा, आणि मला काळजी आहे ती महिन्याच्या लाइटबिलाची.

क्लास 100 म्हणजे काय ते आधी साध्या भाषेत सांगते, कारण अध्यक्षांनाही तुम्हाला हे समजावून सांगावं लागणार आहे. एक घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून मोठे कण 100 च्या वर नकोत. आपल्या साध्या खोलीतल्या हवेत हाच आकडा लाखांत जातो. तो 100 वर आणायचा तर छताचा जवळजवळ सगळा भाग फिल्टरनं भरावा लागतो आणि वरून खाली हवेचा एकसारखा पडदा सोडावा लागतो, तोही रात्रंदिवस. संध्याकाळी शिपाईमामांनी मेन स्विच बंद करून कुलूप लावलं की खोली परत घाण झाली, मग ती पुन्हा स्वच्छ होईपर्यंत काम बंद. त्यात तुमचं कोकण. जुलैमध्ये बाहेरची आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास, आणि लिथोग्राफीच्या, म्हणजे प्रकाशानं सूक्ष्म नक्षी छापायच्या, खोलीला पाहिजे पंचेचाळीसच्या आसपास, नाहीतर फोटोरेझिस्ट (प्रकाशानं बदलणारा लेप) वेफरला, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीला, नीट धरतच नाही, डेव्हलप करताना सालपटासारखा सुटून येतो. म्हणजे हवा आधी खूप थंड करून तिच्यातलं पाणी काढायचं आणि मग तीच हवा परत 21 अंशांपर्यंत गरम करायची, दोन्हीकडे वीज जाते. समजा सगळं मिळून 50 किलोवॅटचा लोड चोवीस तास चालला, तर महिन्याला 36,000 युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तरी साडेतीन लाखांच्या वर बिल, आणि हे मशीन एकही न लावता. हे बिल कुठल्या अनुदानातून भरणार ते आधी ठरवा, कारण प्रोजेक्ट संपला की अनुदान देणारे वीजबिल भरत नाहीत.

म्हणून माझं मनापासून सांगणं असं की तीन हजार फुटांची क्लास 100 करूच नका. तीनशे-चारशे फुटांची क्लास 10000 खोली करा आणि जिथे खरंच गरज आहे तिथे तिच्या आत एक-दोन लॅमिनार फ्लो टेबल (गाळलेल्या हवेचा सरळ झोत सोडणारी टेबलं) ठेवा, टेबलावर तुम्हाला क्लास 100 मिळेल. पातळ थर टाकणं, साधी लिथोग्राफी, सेन्सरचे नमुने बनवणं, एमएस्सीच्या मुलांना गाऊन घालून आत कसं वावरायचं ते शिकवणं, हे सगळं त्यात होतं. उरलेली जागा साध्या केमिस्ट्री लॅबला, फ्यूम हूडला (विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाला) आणि गॅस सिलिंडरच्या वेगळ्या खोलीला द्या, आणि ती सिलिंडरची खोली बाहेरच्या भिंतीला लागूनच हवी, हॉलच्या मध्यात नको.

आणि तिसरा मजला. सर, पुढेमागे तुम्हाला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप (प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉननं बघणारा) घ्यायचा असेल तर तो तळमजल्यावरच ठेवा, लिफ्टपासून आणि जनरेटरपासून लांब. हे मी अनुभवानं सांगतेय. आमच्याकडे एकदा पन्नास हजार पटीवर इमेज घेत होतो, कणांच्या कडा मधूनच करवतीच्या पात्यासारख्या दिसायच्या, मधूनच एकदम स्वच्छ. दोन दिवस आम्ही मशीनला दोष देत होतो. मग एका विद्यार्थ्याला मोबाईल देऊन लिफ्टजवळ उभं केलं, तो फोनवर सांगायचा, "मॅडम वर चालली", आणि त्याच क्षणी पडद्यावरची रेघ वाकायची, "थांबली" म्हटला की सरळ. लिफ्टचं एवढं मोठं लोखंड हललं की आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र हलतं आणि इलेक्ट्रॉनची शलाका त्याबरोबर सरकते. ऑर्डर देण्याआधी कंपनीच्या माणसाला बोलावून जागेचं कंपन आणि चुंबकीय क्षेत्र मोजून घ्या, बहुतेक कंपन्या हा साइट सर्व्हे करून देतात, आणि तो रिपोर्ट प्रपोजलला जोडा. दरवाजाची रुंदीपण मोजा, हसू नका, दरवाजा लहान म्हणून व्हरांड्यात पावसाळाभर पडून राहिलेली क्रेट मी पाहिलीय.

अनुदानाचं म्हणाल तर केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची (डीएसटी) फिस्ट योजना 2000 सालापासून आहे आणि ती विभागाला उपकरणं, लॅबची डागडुजी, देखभाल यासाठी मदत करते, पण नवी इमारत बांधायला नाही. इमारतीसाठी तुम्हाला संस्थेचा स्वतःचा पैसा किंवा पीएम-उषासारखी उच्च शिक्षणाची योजना बघावी लागेल, जी केंद्र 60 आणि राज्य 40 अशी चालते आणि राज्य सरकारमार्फतच जाते. एएनआरएफ, म्हणजे संशोधनाला पैसा देणारं केंद्राचं प्रतिष्ठान, आता नवीन आहे, 2023 च्या कायद्यानं झालेलं, आणि त्यांच्या पेअर नावाच्या योजनेत एक मोठी संस्था हब आणि तिच्याभोवती विद्यापीठं स्पोक अशी रचना आहे, म्हणजे एकट्यानं जाण्यापेक्षा तुमच्या विद्यापीठाबरोबर जाण्यात अर्थ आहे.

प्रश्न : मी मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसर आहे. गॅस सेन्सरवरचं माझं प्रपोजल तीन वेळा नाकारलं गेलं. रिव्ह्यूअरचा (प्रपोजल तपासणाऱ्या तज्ज्ञाचा) शेरा दरवेळी तोच, "सुविधा अपुऱ्या". सुविधा नाहीत म्हणूनच तर मी पैसे मागतेय! आता काय करू?

तुमचा राग समजतो, हा शेरा मलाही आलाय आणि तो वाचून मीही दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. पण तुम्ही प्रपोजलची प्रत पाठवलीत ती मी सगळी वाचली, आणि स्पष्ट सांगते, रिव्ह्यूअर पूर्ण चुकलेला नाही.

पहिली चार पानं नॅनोटेक्नॉलॉजी किती महत्त्वाची आहे यावर गेलीत. रिव्ह्यूअर त्याच विषयातला माणूस असतो, त्याला हे माहितीय, ती चार पानं तो उडवतो. तुमचा खरा प्रश्न सतराव्या पानावर आहे, की साठवलेल्या कांद्याच्या चाळीत सड सुरू होते तेव्हा सुटणारे वायू स्वस्त सेन्सरनं वेळेत पकडता येतील का. अहो, हे पहिल्या वाक्यात पाहिजे! नाशिक-नगरकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, चाळीतला कांदा सडला की काय होतं. हा प्रश्न तुमचाच आहे आणि तो तुम्ही लपवून ठेवलात.

दुसरं, उपकरणांच्या यादीत तीन कोटींच्या वर रक्कम आहे आणि त्यातली दोन मशीन तुम्ही वर्षातून वीस-पंचवीस दिवस वापराल. ती मागू नका. मुंबई आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीमध्ये 2006 साली केंद्राच्या आयटी खात्यानं नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रं उभी केली, आणि नंतर बाहेरच्या लोकांसाठी इनअप नावाचा युजर प्रोग्रॅम सुरू केला, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या विद्यापीठवाल्यांनी जाऊन तिथली फॅब (चिप आणि सेन्सर बनवायची लॅब) वापरायची. आता त्याचंच पुढचं रूप सहा संस्थांत चालतं, त्या दोन धरून मद्रास, दिल्ली, खरगपूर आणि गुवाहाटीच्या आयआयटी. आधी ट्रेनिंगचं वर्कशॉप करायचं, मग छोटा प्रकल्प द्यायचा, मग जाऊन स्वतःच्या हातानं डिव्हाइस बनवायचं. हे आधी करा. तिथून दहा डिव्हाइस आणि एक बरा ग्राफ घेऊन परत या, आणि तो ग्राफ प्रपोजलमध्ये टाका. मग "सुविधा अपुऱ्या" असं लिहायला रिव्ह्यूअरला जागाच राहत नाही, कारण फॅब तिकडची आणि टेस्टिंगचा सेटअप तुमचा. तुम्ही फक्त टेस्टिंगच्या सेटअपचे तीस-चाळीस लाख मागा, गॅस चेंबर, मास फ्लो कंट्रोलर, सोर्स मीटर, आणि एक माणूस.

अजून एक. कोटेशन जुनी आहेत, डॉलरचा भाव तेव्हाचा आहे, त्यात कस्टम आणि जीएसटी धरलेला नाही. पूर्वी सरकारी संशोधन संस्थांना उपकरणांवर 5 टक्के सवलतीचा जीएसटी होता, तो जुलै 2022 मध्ये गेला, आता बहुतेक ठिकाणी 18 लागतो. एक कोटीच्या मशीनवर हा फरक तेरा लाखांचा होतो, आणि तो मंजुरीनंतर लक्षात आला तर तुम्ही काय कमी करणार? बहुतेक लोक यूपीएस कमी करतात, आणि मग पहिल्याच उन्हाळ्यात रडतात.

कांद्याच्या दोन-तीन चाळवाल्यांचं आणि कृषी विज्ञान केंद्राचं पत्र घेऊन जोडा, की आम्हाला हे पाहिजे आणि आम्ही चाळ वापरायला देऊ. अशा पत्राचं वजन पडतं.

प्रश्न : आमच्या विभागात अनुदानातून आलेला फील्ड एमिशन मायक्रोस्कोप (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचाच एक प्रकार) दीड वर्षापासून बंद आहे. मी तिथे कंत्राटी ऑपरेटर होतो, मुदत संपली आणि पुन्हा घेतलं नाही. वाईट वाटतं म्हणून लिहितोय. असं सगळीकडेच असतं का?

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सगळीकडे नाही, पण जितक्या ठिकाणी आहे तेवढंही फार आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. या मायक्रोस्कोपची इलेक्ट्रॉन गन चोवीस तास चालू असते, आतली निर्वात पोकळी टिकवायला पंप सतत चालावे लागतात. संध्याकाळी ट्यूबलाइटसारखी बंद करायची ही वस्तू नाही. गनचं टोक साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं आणि त्याला काही लाख रुपये लागतात, हे खरेदीच्या वेळीच माहीत असतं. आणि ऑपरेटर म्हणजे बटण दाबणारा माणूस नव्हे. सॅम्पल ओलं आहे की नाही, कुठल्या व्होल्टेजला ते जळेल, आवाज जरा बदलला म्हणजे कुठला पंप कुरकुरतोय, हे त्याला कळतं, आणि हे कळायला दोन-तीन वर्षं जातात. अशा माणसाला अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर ठेवायचं आणि प्रोजेक्ट संपला की जा म्हणायचं, ही मला सरळ सरळ पैशाची नासाडी वाटते, करोडो रुपयांच्या मशीनची चावी महिन्याच्या वीस-पंचवीस हजारांसाठी आपण फेकून देतो.

यावर उपाय नाही असं नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात 1977 साली अशी सामायिक फॅब उभी राहिली, ती सुरुवातीपासून बाहेरच्या संशोधकांसाठी खुली होती, वापरणाऱ्याकडून तासाचे पैसे घ्यायचे आणि सोबत पगारी तज्ज्ञ स्टाफ ठेवायचा. त्याच वाटेनं पुढे तिथल्या सायन्स फाउंडेशननं देशभराचं जाळं केलं, 2015 पासून 16 ठिकाणांचं, पाच वर्षांना 81 मिलियन डॉलर, आणि तो पैसा मुख्यतः सुविधा खुल्या ठेवायला, माणसं टिकवायला. आपल्याकडे साइफ, म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या उपकरणांच्या, केंद्रांचं काम बरंचसं असंच आहे. तुमच्या विभागप्रमुखांना सांगा की मशीन आय-स्टेम पोर्टलवर (देशभरातल्या उपकरणांच्या सरकारी यादीत) नोंदवा, बाहेरच्या सॅम्पलना दर लावा, आणि त्या पैशाचं वेगळं खातं करून ते विद्यापीठाच्या जनरल फंडात न जाता मशीनवरच खर्च होईल असा ठराव मॅनेजमेंट कौन्सिलमध्ये करून घ्या. हा ठराव नसेल तर कितीही सॅम्पल आली तरी उपयोग नाही. आणि तुमचा अनुभव कुठे कामाला येत असेल तर मला जरूर कळवा, दोन-तीन लॅब अशा माणसाच्या शोधात आहेत.

प्रश्न : अनुदान मंजूर होऊन आठ महिने झाले, खरेदी अजून टेंडरमध्ये अडकलीय आणि 31 मार्च जवळ आलाय. पैसे परत जातात का?

जाऊ शकतात. शून्य-शिल्लक खात्याची पद्धत (पैसा सरकारकडेच राहतो, आपल्याला फक्त खर्चाची मर्यादा मिळते) आल्यापासून वर्षअखेरीला न वापरलेली मर्यादा संपते आणि पुढच्या वर्षी पुन्हा मागावी लागते. त्यामुळे आजच फंडिंग एजन्सीला पत्र लिहा, टेंडरची तारीख आणि सध्याचा टप्पा कळवा, नुसतं गप्प बसू नका. मशीन मोठं असेल तर एलसी (पैसे देण्याचं बँकेचं हमीपत्र) उघडली म्हणजे रक्कम बांधली गेली असं धरतात का ते तुमच्या फायनान्स ऑफिसरकडून लेखी घ्या. यूटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला) ठरलेल्या नमुन्यात, 12-ए मध्ये, वेळेवर गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो, आणि ते अडतं बहुतेक वेळा एका सहीसाठी.

जून 2025 मध्ये केंद्रानं वैज्ञानिक खरेदीचे नियम सैल केले, कोटेशनशिवाय थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख झाली, खरेदी समितीची दहावरून पंचवीस लाख, आणि 200 कोटींपर्यंतच्या ग्लोबल टेंडरला कुलगुरू किंवा संचालकच मान्यता देऊ शकतात. पण राज्य विद्यापीठाचा खरेदी विभाग बहुतेकदा राज्याचेच नियम पुढे करतो, म्हणून मंजुरीच्या पत्रात कुठले नियम लागू आहेत ते वाचून त्यावर बोट ठेवून बोला.

प्रश्न : मॅडम, मी जळगावकडच्या कॉलेजात एमएस्सी करतोय. सिल्व्हर नॅनोपार्टिकल बनवलेत पण कॉलेजात काहीच मशीन नाही, प्रोजेक्ट कसा पूर्ण करू?

अरे, काळजी करू नकोस. आधी साधं यूव्ही-व्हिजिबल (कुठल्या रंगाचा प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख) काढ, ते जवळच्या कुठल्याही केमिस्ट्री विभागात असेल, चांदीच्या गोल कणांचा पीक 400 ते 420 नॅनोमीटरच्या आसपास दिसतो आणि कण मोठे झाले की तो उजवीकडे सरकतो. तेवढ्यावरच तुझं निम्मं काम होईल. मग फक्त दोनच चांगली सॅम्पल निवडून मुंबई आयआयटीच्या किंवा कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या साइफला पाठव, विद्यार्थ्यांचे दर कंपन्यांपेक्षा बरेच कमी असतात, गाईडच्या सहीचा फॉर्म लागतो. सगळी वीस सॅम्पल पाठवू नकोस, पैसे जातील आणि काही कळणार नाही.

आणि मशीन नाही म्हणून खचू नकोस. पुणे विद्यापीठात सी. व्ही. धर्माधिकारी सरांनी स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप स्वतःच्या लॅबमध्ये बनवला होता, अणू दिसणारं यंत्र!

प्रश्न : मी सोलापूरचा निवृत्त बँक कर्मचारी. शाळांची छपरं गळतात आणि एकेका मशीनला कोट्यवधी रुपये, हे मनाला पटत नाही. याचा सामान्य माणसाला काय उपयोग?

काका, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, आणि शाळेचं छप्पर गळता कामा नये यावर माझं तुमचं एकमत आहे. 2007 मध्ये केंद्रानं नॅनो मिशन सुरू केलं, पाच वर्षांना 1000 कोटींचं. त्यातून विद्यापीठांमध्ये लॅब झाल्या, मोहालीला स्वतंत्र संस्था झाली, हजारो मुलं शिकली. सगळा पैसा सत्कारणी लागला असं मी म्हणणार नाही, वरचं ऑपरेटरदादाचं पत्र तुम्ही वाचलंतच.

पण एक उदाहरण देते. मद्रास आयआयटीत प्रा. टी. प्रदीप यांच्या गटानं पाण्यातलं कीटकनाशक नॅनोकणांनी काढायची पद्धत शोधली, मग त्याच वाटेनं पुढे जाऊन आर्सेनिक काढणारं मटेरियल बनवलं, आणि त्याच्या गाळण्या आज आर्सेनिकचं पाणी असलेल्या अनेक गावांत बसल्यात. ते मटेरियल आर्सेनिक नेमकं कुठे आणि कसं पकडतं हे बघायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागला, एक्स-रेची मशीनं लागली. ती नसती तर गाळणी काम करते की नाही हे अंदाजानं सांगावं लागलं असतं, आणि पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत अंदाज चालत नाही.

तुम्ही बँकेत होतात, तर एक विनंती करते. तुमच्या विद्यापीठात दर वर्षी वार्षिक अहवाल निघतो, तो मागून घ्या आणि त्यात बघा की मोठी उपकरणं वर्षातून किती दिवस चालली, बाहेरचे किती जण येऊन वापरून गेले, देखभालीवर किती खर्च झाला. हे आकडे नसतील तर सिनेट सदस्याला पत्र लिहून विचारा. तुमच्यासारख्या हिशोबाच्या माणसानं विचारलं तर त्यांना आकडे द्यावे लागतील. उत्तर आलं की मला पाठवा, पुढच्या अंकात छापू.